मुंबईची ‘मुंबर्इ’ होते तेव्हा : जुन्या फॉन्टमधले मॅटर युनिकोडमध्ये आणताना

गिरगावात मी बावीस वर्षे डीटीपीचे, म्हणजे संगणकावर मजकूर टंकून छपाईसाठी पाने लावण्याचे, काम करते, आणि आठवड्यातून दोनतीनदा तरी एकच तक्रार घेऊन कोणीतरी दुकानाची पायरी चढते. सोसायटीच्या सभेचे जुने इतिवृत्त, मंडळाचा अहवाल, शाळेची स्मरणिका किंवा वडिलांनी लिहून ठेवलेल्या आठवणी जुन्या मराठी फॉन्टमध्ये टंकलेल्या असतात. कोणीतरी त्या कन्व्हर्टर म्हणजे रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढून युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या संगणकांवर आणि फोनवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणलेल्या असतात, आणि आता त्यातले निम्मे शब्द वाकडे झालेले असतात. हे काम घरच्या संगणकावर बऱ्याच अंशी निस्तरता येते. त्यासाठी कन्व्हर्टरच्या आत चालणारे रूपांतराचे नियम म्हणजे काय, ते कोणत्या क्रमाने चालतात आणि कुठे अडखळतात, एवढे समजून घ्यावे लागते.

लक्षणे

बिघाड कोणत्या जातीचा आहे हे आधी पाहावे, कारण लक्षणावरूनच निम्मे निदान होते. पहिल्या जातीत मराठी अक्षर दिसतच नाही आणि ओळीच्या ओळी इंग्रजी अक्षरांच्या व विरामचिन्हांच्या गिचमिडीने भरलेल्या दिसतात. दुसऱ्या जातीत अक्षरे देवनागरी असतात, पण ‘थ्वतज’ यासारखे अर्थहीन शब्द मध्येच उगवतात. तिसरी जात सर्वांत जास्त आढळते. तिच्यात मजकूर वाचता येतो, मात्र ‘परिस्थिती’च्या जागी ‘परिस्िथती’, ‘मुंबई’च्या जागी ‘मुंबर्इ’, ‘खरेदी’च्या जागी ‘ख्ारेदी’ असे काहीतरी झालेले असते आणि वेलांटीखाली टिंबांचे वर्तुळ दिसते. चौथी जात सर्वांत फसवी आहे. मजकूर डोळ्यांना अगदी शुद्ध दिसतो, पण शोध घेतला तर समोर दिसणारा शब्द सापडत नाही, आणि नावांची यादी अकारविल्हे लावली तर काही नावे भलत्याच ठिकाणी जाऊन बसतात.

नियम म्हणजे नेमके काय

जुन्या फॉन्टच्या फाइलमध्ये संगणकाच्या लेखी मराठी अक्षर नसतेच. तिथे इंग्रजी अक्षर साठवलेले असते, आणि फॉन्ट त्या अक्षराचे चित्र तेवढे मराठी दाखवतो. कृतीदेव ०१० या फॉन्टमध्ये ‘मराठी’ हा शब्द म्हणजे स्मॉल ई, स्मॉल जे, स्मॉल के, कॅपिटल बी आणि स्मॉल एच अशी पाच इंग्रजी अक्षरे असतात, आणि फॉन्ट काढून घेतला की तीच उघडी पडतात. (पुढची सगळी उदाहरणे मी याच फॉन्टमधली देते. मुंबईत श्रीलिपी, आकृती आणि डीव्हीबी-टीटी यांचे मॅटरही भरपूर येते, पण कृतीदेवची अक्षरे नेहमीच्या कळफलकावर बोट ठेवून दाखवता येतात.) युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीसाठी १२८ जागांचा स्वतंत्र गट राखून ठेवलेला आहे, आणि फॉन्ट बदलला तरी अक्षर बदलत नाही.

कन्व्हर्टर म्हणजे या दोहोंमधली नियमांची यादी. प्रत्येक नियमाला डावी आणि उजवी अशा दोन बाजू असतात. डावीकडे लिहिलेले मजकुरात सापडले की ते काढायचे आणि त्या जागी उजवीकडचे ठेवायचे. स्मॉल ई सापडला तर ‘म’ ठेवा, स्मॉल जे सापडला तर ‘र’ ठेवा, इतके ते सरळ आहे. नियमाला शब्दाचा अर्थ कळत नाही, आपण मुंबईबद्दल वाचतो आहोत की मुंजीबद्दल, हेही त्याला ठाऊक नसते. शिवाय यादीतला प्रत्येक नियम आधीच्या नियमाने बदलून ठेवलेल्या मजकुरावर चालतो, मूळ मजकुरावर नाही. नवशिक्या माणसाच्या ध्यानात नेमके हेच येत नाही, आणि माझ्याकडे येणाऱ्या बिघाडांपैकी बहुतेकांत नियम बरोबर असून त्यांचा क्रम तेवढा चुकलेला असतो.

या नियमांच्या तीन जाती आहेत. काही नियम एका अक्षराच्या जागी दुसरे ठेवतात, काही नियम अक्षराची जागा सरकवतात, आणि शेवटचे काही नियम मागे राहिलेला कचरा झाडतात.

आधी फुकटातल्या तपासण्या

कशालाही हात लावण्यापूर्वी मूळ फाइलची प्रत वेगळ्या नावाने ठेवावी, आणि एकदा रूपांतरित झालेला मजकूर पुन्हा कन्व्हर्टरमध्ये घालू नये. दुसऱ्या फेरीत जे बिघडते त्याचा मागोवा पुढे कोणालाच लागत नाही. सभासदांची नावे, पत्ते आणि बँकेचे तपशील असलेला मजकूर अनोळखी संकेतस्थळावरच्या कन्व्हर्टरमध्ये चिकटवू नये, हेही इथेच सांगून ठेवते.

पहिली तपासणी फॉन्टच्या नावाची आहे आणि तिला अर्धे मिनिट पुरते. वर्डमध्ये मूळ मजकूर निवडून वरच्या चौकटीत फॉन्टचे नाव वाचावे. तो फॉन्ट आपल्या संगणकावर नसला आणि पडद्यावर गिचमिड दिसत असली, तरी नाव तिथे दिसते. चौकट रिकामी दिसली तर निवडलेल्या भागात एकाहून अधिक फॉन्ट आहेत असे समजावे. हे महत्त्वाचे अशासाठी की प्रत्येक कंपनीने इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी चित्रे आपापल्या सोयीने बसवली होती. एका फॉन्टचे मॅटर दुसऱ्याच्या नियमांतून गेले तर देवनागरी दिसते, पण वाचता येत नाही. आख्खी फाइल रूपांतरित करण्यापूर्वी एकच शब्द घालून पाहावा. मी ‘वार्षिक’ हा शब्द घालते, त्याचे कारण पुढे येईलच.

दुसरी तपासणी, चूक मजकुरात आहे की दिसण्यात आहे याची. रूपांतरित मजकुरातल्या दोन ओळी नोटपॅडमध्ये चिकटवाव्यात किंवा स्वतःलाच फोनवर संदेश म्हणून पाठवाव्यात. फोनवर त्या शुद्ध दिसल्या तर नियमांना दोष देण्यात अर्थ नाही. पान लावण्याच्या सॉफ्टवेअरला जोडाक्षरे जुळवता येत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर निवडला नाही की वेलांट्या जागा सोडतात. तो निवडला की एका क्लिकमध्ये सगळे जागेवर येते, आणि ग्राहकाला आपण जादू केली असे वाटते. पेजमेकरला मात्र युनिकोड कळतच नाही, त्यामुळे त्यात युनिकोड मॅटर बसवण्याच्या खटपटीत दुपार घालवू नये.

तिसरी तपासणी मिसळलेल्या इंग्रजीची. मराठी परिच्छेदात मध्येच इंग्रजी शब्द असतो आणि कन्व्हर्टरला साधा मजकूर दिला की फॉन्टची माहिती गळून पडते. मग कोणते इंग्रजी अक्षर खरे इंग्रजी आणि कोणते मराठीचे सोंग घेतलेले, हे नियमाला ओळखता येत नाही. वर दिलेला ‘थ्वतज’ म्हणजे इंग्रजीत लिहिलेले ‘फोर्ट’ आहे. कॅपिटल एफचा अर्धा ‘थ’, ओचा ‘व’, आरचा ‘त’ आणि टीचा ‘ज’. असा अर्थहीन शब्द निदान नजरेत तरी भरतो. खरा धोका अर्थपूर्ण शब्द तयार होण्याचा आहे. इंग्रजीत ध्वजासाठी असलेला ‘फ्लॅग’ हा शब्द स्मॉल अक्षरांत या नियमांतून गेला की त्याचा बरोबर ‘सिंह’ होतो. एका गणेशोत्सव मंडळाच्या अहवालात विसर्जन मिरवणुकीचा खर्च लिहिताना ‘डीजे’ ही दोन अक्षरे स्मॉल इंग्रजीत टंकली होती. डी म्हणजे ‘क’ आणि जे म्हणजे ‘र’, म्हणून अहवालात मिरवणुकीखाली ‘कर’ अशी रक्कम छापली गेली, आणि सभेत एका ज्येष्ठ सभासदांनी मंडळाने हा कर कोणाला आणि केव्हा भरला, असा प्रश्न विचारला. खजिनदारांना उत्तर सापडेना. प्रूफ मी वाचले होते, त्यामुळे ही चूक माझ्या खात्यावर आहे.

यावर उपाय सोपा आहे. रूपांतराआधी वर्डच्या शोधा-बदला खिडकीत फॉन्टनुसार शोध घेऊन मराठी फॉन्टमध्ये नसलेला भाग रंगवून घ्यावा, आणि तो कन्व्हर्टरबाहेर ठेवावा. रकमांकडे विशेष लक्ष द्यावे. कृतीदेवमध्ये स्वल्पविरामाच्या कळीवर ‘ए’ आहे. म्हणून इंग्रजी फॉन्टमध्ये टंकलेली दीड हजारांची रक्कम रूपांतरानंतर ‘1ए500’ अशा चमत्कारिक रूपात बाहेर येऊ शकते.

चौथी तपासणी वर्डच्या आपोआप सुधारणांची आहे. हा बिघाड कन्व्हर्टरच्या आधीच, टंकताना झालेला असतो. वर्ड वाक्यातले पहिले अक्षर आपण होऊन कॅपिटल करतो. कृतीदेवमध्ये स्मॉल ई म्हणजे पूर्ण ‘म’ आणि कॅपिटल ई म्हणजे अर्धा ‘म’, म्हणून परिच्छेदाच्या सुरुवातीचा ‘मराठी’ रूपांतरानंतर ‘म्राठी’ होतो. सरळ अवतरणचिन्हांचेही तसेच. या फॉन्टमध्ये त्या कळींवर अर्धा ‘श’ आणि अर्धा ‘ष’ आहेत, तर वर्ड सरळ चिन्हांची वक्र चिन्हे करून टाकतो. नियमांच्या यादीत वक्र चिन्हांची नोंद नसली की ‘शाळा’ आणि ‘भाषा’ यांसारखे शब्द फुटतात. फुटलेल्या शब्दांमध्ये श आणि ष यांचाच भरणा दिसला, तर इतरत्र न पाहता आधी अवतरणचिन्हे तपासावीत. मराठी अंकही या फॉन्टमध्ये नेहमीच्या कळींवर नसून वरच्या, क्वचित वापरल्या जाणाऱ्या जागांवर बसवलेले आहेत. ‘३’ हा अंक तर तीन टिंबांच्या जोडचिन्हाच्या जागेवर आहे. फाइल ईमेलमधून साधा मजकूर म्हणून फिरली असेल तर हेच अंक सर्वांत आधी गळतात, म्हणून आकड्यांची पडताळणी मूळ छापील प्रतीवरूनच करावी.

स्वतः नियम चालवत असाल तर

काही जण कन्व्हर्टर न वापरता वर्डच्या शोधा-बदला खिडकीतून एकेक नियम स्वतः चालवतात. शिकण्यासाठी ही पद्धत मला आवडते, कारण प्रत्येक नियमाने मजकुरात काय केले ते डोळ्यांसमोर दिसते. अशांसाठी सर्वांत स्वस्त तपासणी म्हणजे ‘मॅच केस’ या पर्यायासमोर खूण आहे ना, हे पाहणे. ती खूण नसली तर स्मॉल डी आणि कॅपिटल डी वर्डला एकच वाटतात. पूर्ण ‘क’ आणि अर्धा ‘क’ यांचा भेदच मिटतो. रूपांतरित मजकुरात एकही जोडाक्षर शिल्लक नसेल, किंवा उलट सगळीच अक्षरे पाय मोडून पडली असतील, तर कारण हेच असते.

यापुढे क्रमाची तपासणी येते. इथे थोडा वेळ थांबावे, कारण पुढचे सगळे हिच्यावर उभे आहे.

कृतीदेवचा कळफलक टंकलेखन यंत्रावरून आलेला आहे, आणि यंत्रावर कळा मोजक्या असल्याने बरीच अक्षरे तुकडे जोडून तयार होत. ‘आ’ म्हणजे ‘अ’ आणि काना. ‘ओ’ म्हणजे ‘अ’, काना आणि मात्रा. ‘ख’ म्हणजे अर्धा ‘ख’ आणि काना. ‘ई’ म्हणजे ‘इ’ आणि तिच्या डोक्यावर रफार. छापल्यावर हे सगळे बरोबर दिसत असे आणि कोणाची तक्रार नव्हती. आता ‘मुंबई’ हा शब्द घ्या. त्याच्या कळा आहेत स्मॉल ई, क्यू, ए, सी, बी आणि शेवटी कॅपिटल झेड. बी म्हणजे ‘इ’, झेड म्हणजे रफार, आणि दोन्ही मिळून ‘ई’. यादीत ‘बी आणि झेड एकत्र आले तर ई’ हा नियम आधी असला तर शब्द नीट होतो. ‘बी म्हणजे इ’ हा नियम त्याच्या आधी चालला तर जोडी फुटते, झेड एकटा उरतो, पुढचा नियम त्याला खरा रफार समजून आधीच्या अक्षरावर चढवतो, आणि मुंबईची ‘मुंबर्इ’ होते. ‘भाऊ आणि आई’ यांतली आई ‘आर्इ’ होते तीही याच वाटेने.

म्हणून डावी बाजू जितकी लांब तितका नियम यादीत वर असला पाहिजे. आधी तीन तुकड्यांचे ‘ओ’ आणि ‘औ’, मग दोन तुकड्यांचे ‘आ’, आणि सर्वांत शेवटी एकटा ‘अ’. हा क्रम उलटा झाला तर ‘आहे’च्या जागी ‘अ’ला वेगळा काना जोडलेला ‘अाहे’ तयार होतो, आणि ‘खरेदी’तल्या ‘ख’चा पाय मोडून त्याला काना लागतो.

क्रमाची दुसरी गोम विरामचिन्हांत आहे. कृतीदेवमध्ये खरा स्वल्पविराम चौकटी कंसाच्या बंद होणाऱ्या कळीवर आहे, आणि स्वल्पविरामाच्या कळीवर, वर सांगितल्याप्रमाणे, ‘ए’ आहे. ‘कंसाच्या जागी स्वल्पविराम ठेवा’ हा नियम आधी चालवला आणि ‘स्वल्पविरामाच्या जागी ए ठेवा’ हा नंतर, तर पहिल्याने तयार केलेला प्रत्येक स्वल्पविराम दुसरा गिळतो आणि मजकूरभर ‘ए’ पसरतो. क्रम उलटा करा, म्हणजे दोन्ही नियम आपापले काम करून बाजूला होतात. पूर्णविरामाचेही तसेच आहे. तो संयोगचिन्हाच्या कळीवर आहे आणि पूर्णविरामाच्या कळीवर अर्धा ‘ण’ आहे. प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘ण्’ दिसू लागला तर कारण शोधत बसावे लागत नाही. स्वतःची यादी करणाऱ्याने अक्षरांचे नियम आधी आणि विरामचिन्हांचे शेवटी ठेवावेत.

वेलांटी आणि रफार

सरकवण्याचे नियम ही सर्वांत अवघड जागा आहे. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे ज्या क्रमाने दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, तर युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे दिसते म्हणून जुन्या फाइलमध्ये ती अक्षराच्या आधी टंकलेली असते. ‘किरण’ची सुरुवात स्मॉल एफने, म्हणजे वेलांटीने होते आणि ‘क’ नंतर येतो. युनिकोडला आधी ‘क’ आणि मग वेलांटी हवी असते. म्हणून नियम असा, की वेलांटीने पुढचे व्यंजन ओलांडून त्याच्या उजवीकडे जावे.

‘किरण’पुरते हे ठीक चालते, ‘स्थिती’ला चालत नाही. तिथे वेलांटीपुढे अर्धा ‘स’ आणि मग ‘थ’ आहे. एकच व्यंजन ओलांडून थांबणारा नियम वेलांटीला अर्ध्या ‘स’च्या पाठीवर ठेवतो, आणि ‘स्िथती’ असे वर्तुळाचे डाग पडलेले रूप तयार होते. नियमाला असे सांगावे लागते, की एक व्यंजन ओलांड, ते पाय मोडलेले असेल तर पुढचेही ओलांड, आणि जोडाक्षर संपेपर्यंत हेच करत राहा. आपला कन्व्हर्टर हे करतो की नाही, हे पाहण्यासाठी ‘स्थिती’, ‘अस्तित्व’ आणि ‘मंत्रिमंडळ’ असे दोनतीन शब्द पुरतात.

टिंबांच्या वर्तुळाबद्दल एक गोष्ट ठाऊक असावी. ते वर्तुळ मजकुरात नसते. वेलांटीला टेकायला व्यंजन सापडले नाही की पडद्यावर अक्षर काढणारी यंत्रणा ते स्वतः काढते. म्हणून वर्तुळ शोधून पुसू पाहणाऱ्याला ते सापडत नाही. त्याऐवजी पाय मोडण्याचे चिन्ह आणि लगेच त्यामागे वेलांटी अशी जोडी शोधावी, किंवा मोकळी जागा आणि तिच्यामागे वेलांटी अशी जोडी शोधावी. पन्नास पानांच्या स्मरणिकेतल्या बहुतेक हरवलेल्या वेलांट्या या दोन शोधांत हाती लागतात.

रफाराचा प्रवास उलट्या दिशेने होतो. ‘दुर्गा’ या शब्दात तो जुन्या फाइलमध्ये सगळ्यात शेवटी, ‘गा’चा काना दिल्यावर टंकलेला असतो, कारण तो डोक्यावर उजवीकडे दिसतो. उच्चारात मात्र ‘र’ हा ‘ग’च्या आधी येतो. म्हणून रफाराला काना ओलांडून, मग ‘ग’ ओलांडून मागे यावे लागते, आणि मध्ये अनुस्वार किंवा मात्रा असल्या तर त्याही ओलांडाव्या लागतात. फक्त एकच अक्षर मागे येणारा नियम रफाराला ‘ग’ आणि काना यांच्या मध्ये सोडून देतो आणि शब्द तुटतो.

आता ‘वार्षिक’ची गोष्ट. सोसायटीच्या कागदपत्रांत ‘वार्षिक सर्वसाधारण सभा’ हे शब्द पानापानावर असतात, आणि या एका शब्दात वेलांटी ‘ष’च्या आधी व रफार ‘ष’च्या नंतर अशा दोन्ही अडचणी एकाच अक्षरावर येतात. वेलांटी आधी उजवीकडे सरकवली आणि मग रफार मागे आणला, तर रफार वेलांटी आणि ‘ष’ दोन्ही ओलांडून ‘वा’च्या मागे येतो आणि शब्द जुळतो. रफार आधी हलवला तर तो ‘ष’च्या आधी अर्ध्या ‘र’च्या रूपाने बसतो. मग वेलांटीच्या नियमाला जोडाक्षर ओळखता येत नसेल तर ती त्या अर्ध्या ‘र’वरच अडकते. आधी वेलांटी, मग रफार, हा क्रम मी कधीच बदलत नाही. ‘वार्षिक’ शुद्ध आला तर तो कन्व्हर्टर विश्वासाचा, असे मी मानते.

फक्त मराठीच्या अडचणी

हिंदी मजकूर डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या यादीत मराठीचे काही नियम नसतात. त्यात पहिला क्रमांक अर्ध्या चंद्रासारख्या ‘र’चा, म्हणजे ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ यांचा. रफाराचा नियम या ‘र’लाही लागू झाला तर ‘दऱ्या’चे ‘दर्या’ होते, म्हणजे सह्याद्रीतल्या घळींचा एकदम समुद्र होतो. आचाऱ्यांना द्यायचे पैसे आचार्यांना दिले जातात, तेही याच कारणाने. शब्दतपासणीच्या सॉफ्टवेअरला ही चूक सापडत नाही, कारण दोन्ही शब्द शुद्ध आहेत. म्हणून रूपांतरानंतर ‘र्य’ आणि ‘र्ह’ शोधून प्रत्येक जागा एकदा वाचावीच लागते. याला दुसरा उपाय नाही.

‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे दाखल झाले. त्याआधीच्या मजकुरात आणि जुन्या नियमांच्या यादीत ते ‘अ’ आणि चंद्र असे दोन तुकड्यांत असते. ‘ॲड.’ लावलेली वकिलांची नावे यादीत दोन ठिकाणी विखुरलेली दिसली तर हे तपासावे आणि सगळीकडे एकच रूप करावे.

इथून आपण चौथ्या, फसव्या लक्षणाकडे येतो. ‘ऱ’ हे एकच अक्षर म्हणून साठवता येते, किंवा ‘र’ आणि खाली नुक्ता, म्हणजे अक्षराखालचे टिंब, असे दोन तुकड्यांतही. ‘ऱ्य’ तर ‘र’, पायमोड आणि मध्ये एक न दिसणारे जोडचिन्ह अशा तिसऱ्या पद्धतीनेही येते. तिन्ही पद्धतींनी शब्द सारखाच दिसू शकतो, शोध मात्र चुकू शकतो. ‘आ’च्या जागी ‘अ’ला काना असलेली रूपेही अशीच लपून बसतात. ‘अ’ आणि काना, ‘अ’ आणि ओकार या जोड्या शोधून ‘आ’ आणि ‘ओ’ करावेत. शोधाच्या चौकटीत पहिले अक्षर टंकून लगेच काना टंकला की काम होते. हे साफसफाईचे नियम सर्वांत शेवटीच चालवावेत, कारण सरकवण्याचे नियम मागे नवा कचरा सोडून जातात.

शेवटी मूळ फाइलची आणि रूपांतरित फाइलची शब्दसंख्या वर्डमध्ये ताडून पाहावी. दहापंधरा शब्दांचा फरक मोकळ्या जागांमुळे पडू शकतो. शेकड्याचा फरक पडला तर एखादे पान गळाले आहे असे समजून शोध घ्यावा.

कुठे थांबावे

वरचे सगळे करूनही एका ओळीत तीनचारपेक्षा जास्त चुका उरत असतील आणि मजकूर पाचसहा पानांचाच असेल, तर तो पुन्हा टंकून घ्यावा. सुधारणेला त्याहून जास्त वेळ लागतो आणि नजर चुकते ती वेगळीच. हाती फक्त पीडीएफ असेल आणि त्यातून मजकूर उचलल्यावर अक्षरे गळत असतील, तर नियम सुधारून उपयोग नाही, कारण नियमांना द्यायला मुळात पूर्ण मजकूरच नसतो. पानांची चित्रे करून अक्षर ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढणे किंवा नव्याने टंकणे, हेच तिथे शक्य असते, आणि पाने जास्त असली तर ते काम करणाऱ्याकडे द्यावे. फॉन्टचे नाव सापडत नाही, किंवा फाइल पेजमेकर वा क्वार्कची आहे आणि उघडतच नाही, अशा वेळी जुनी यंत्रणा सांभाळून असलेला डीटीपीवाला गाठावा. गिरगाव, दादर आणि फोर्ट या भागांत असे लोक अजून आहेत. शेकडो फाइली किंवा सभासदांची आख्खी नोंदवही रूपांतरित करायची असेल, तर प्रोग्रामर लावून नियम एकदाच नीट लिहून घ्यावेत.

मालमत्तेचे कागद, न्यायालयात द्यायची प्रतिज्ञापत्रे, मृत्युपत्र, वारसांची नावे यांच्या बाबतीत मात्र पहिल्या तपासणीलाच थांबावे. तिथे एका वेलांटीने माणूस बदलतो. रूपांतरित प्रत सोयीपुरती वापरावी, आणि अधिकृत प्रत जाणकाराकडून टंकून, दोन माणसांनी मूळ कागदाशी ताडून वाचून घ्यावी. एकाने मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने मूळ कागदावर बोट ठेवावे.

व्यावसायिकाकडे जाताना रूपांतरित फाइल एकटी नेऊ नये. तिच्यात मूळ अक्षरांचा माग उरलेला नसतो, आणि ती पाहून कोणालाही निदान सांगता येत नाही. मूळ फाइल, ज्या संगणकावर ती टंकली त्यावरची फॉन्टची फाइल, आणि जुन्या प्रिंटरवर काढलेले एखादे पान सोबत न्यावे. माझ्याकडे येणारे बरेच जण पेनड्राइव्हवर केवळ बिघडलेली प्रत घेऊन येतात, आणि मग मूळ फाइल शोधायला त्यांना पुन्हा विरार किंवा बदलापूर गाठावे लागते.